भाजक्या मातीतली रोमन देवी

टायबेरियस या रोमन सम्राटाने इसवी सन १४ ते ३७ या आपल्या कारकिर्दीत चांदीचे जे नाणे अमाप पाडले, त्याच्या एका बाजूला पानांची माळ डोक्यावर बांधलेला त्याचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेली एक स्त्री. तिच्या एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात पानांची डहाळी. ही शांतीची देवता पाक्स. सम्राटाची आई लिव्हिया हिलाच त्या देवतेच्या रूपात बसवले आहे, असे बरेच अभ्यासक मानतात. आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या टांकसाळीतले हे नाणे भारतात मोठ्या संख्येने उतरले. तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या एकाच साठ्यात १५३१ रोमन नाणी निघाली, आणि अशा साठ्यांत ऑगस्टस व टायबेरियस या दोघांच्याच नाण्यांचा भरणा असतो. रोमन देवीची नाणी जमवण्याचा नाद जगभरच्या संग्राहकांना आहे. भारतातल्या माणसाला मात्र त्यांच्याकडे बघण्याचे एक जास्तीचे कारण आहे: या देवी दोन हजार वर्षांपूर्वीच आपल्या बाजारपेठांत येऊन राहिल्या होत्या.

या बाजारपेठांच्या मुलखातच, वर्धा शहराच्या पलीकडे नागपूरच्या वाटेवर, धाम नदीच्या काठी पवनार आहे. वाकाटक राजघराण्याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडले. विनोबांच्या आश्रमाच्या जागेत खणताना निघालेली शिल्पे आजही तिथे पाहायला मिळतात. १९६७ साली शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे तिथे उत्खनन केले, तेव्हा वाकाटकांच्या थराखाली सातवाहन काळाचा थर लागला आणि त्याच्याही खाली त्याआधीच्या वस्तीच्या खुणा. ल्योंमध्ये पाक्सचा छाप पडत होता, तेव्हा धामच्या काठावर माणसे राहत होती, भांडी घडवत होती, बाजार करत होती.

आणि हा मुलूख आडबाजूचा नव्हता. नागपूरजवळच्या माहुरझरीला अकीक आणि कार्नेलियनचे मणी घडवले जात. वैनगंगेकाठी पवनीला स्तूप उभे होते, कुही तालुक्यातल्या अडमला तटबंदीचे नगर होते. वर्धा नदीच्या पलीकडच्या तीरावर, रुक्मिणीचे माहेर म्हणून पुजल्या जाणाऱ्या कौंडिण्यपूरला मो. गं. दीक्षितांनी १९६२ ते १९६४ या काळात खणून ऐतिहासिक काळातल्या वस्तीचे थर उघडे केले. पश्चिमेला पैठण आणि तेर, तिथून भडोचचे बंदर, आणि त्यापुढे समुद्र.

भडोचला काय येई, याची नोंद पहिल्या शतकातल्या एका निनावी ग्रीकभाषक व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. पेरिप्लस नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या टिपणात पैठण हे भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे तेर, पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर असल्याचे म्हटले आहे. पैठणहून अकीकासारखे दगड येत, तेरहून कापड. बदल्यात भडोचला मद्य, तांबे, प्रवाळ यांबरोबर रोमची सोन्याचांदीची नाणी येत, आणि ती स्थानिक नाण्यांत बदलून घेताना व्यापाऱ्याला नफा होई. प्लिनी या रोमन लेखकाने तक्रारच केली आहे की भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचा एक चांदीचा देनारियस धरला, तर ही सव्वा कोटी देनारियसची रक्कम होते. प्लिनीचा आकडा फुगवलेला असला तरी ओघ मोठा होता, यात शंका नाही.

मग हा पैसा महाराष्ट्रात का सापडत नाही? रोमन नाण्यांचे मोठे साठे निघाले आहेत ते कोइंबतूर-करूरच्या पट्ट्यात, केरळात, आंध्र-तेलंगणात. आपल्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या दारफळला १८४०च्या सुमारास सेप्टिमियस सेव्हेरस वगैरे सम्राटांची काही सोन्याची नाणी मिळाली, पण असे प्रसंग थोडे.

याचे उत्तर नाशिककडे आहे. दक्षिणेतल्या राजांची स्वतःची चांदीची नाणी फारशी नव्हती, म्हणून तिकडे रोमन नाणे नाण्याच्या रूपात टिकले. इकडे पश्चिमेत क्षत्रप राज्य करत होते आणि त्यांना चांदी हवी होती. त्यांच्यातल्या नहपानाच्या नाण्यावर राजाचा डोके-गळ्यापर्यंतचा चेहरा आहे आणि त्याच्याभोवती ग्रीक लिपीतली अक्षरे. यात रोमन नाण्यांचाही धडा गिरवला असावा, असे काहींना वाटते. रोमन चांदी आटवूनच ही नाणी पाडली असावीत, असे मत अनेकांनी मांडले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,२५० हून अधिक चांदीची नाणी निघाली. त्यांतल्या नऊ हजारांपेक्षा जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप पुन्हा मारला होता. म्हणजे ज्या चांदीवर कधी पाक्स बसली होती, तीच चांदी नहपानाचा चेहरा होऊन शेवटी गौतमीपुत्राच्या चैत्यचिन्हाखाली गेली असणे अगदी शक्य आहे. नाशिकच्या लेण्यातल्या, नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात पस्तीस कार्षापणांना, म्हणजे चांदीच्या नाण्यांना, एक सुवर्ण असा भावही दिला आहे. तो सुवर्ण म्हणजे रोमन किंवा कुषाण सोन्याचे नाणे, यावर विद्वानांत बरीच चर्चा झाली आहे.

धातू आटला, तरी देवी सगळ्या हरवल्या नाहीत. त्या कशात उतरल्या हे पाहण्याआधी त्यांची ओळख हवी.

रोमन नाण्यावरच्या देवतांत जुन्या पुराणकथांतल्या देवी आहेतच: मोरासोबत उभी जूनो, शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा, गव्हाची कणसे आणि मशाल घेतलेली सेरेस, अग्नीची राखणदार वेस्टा. पण संग्राहकाला खरा लळा लागतो तो गुणांच्या देवींचा. रोमन लोकांनी राज्यकारभाराला आणि संसाराला लागणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सद्गुणाला स्त्रीरूप दिले होते. फोर्तुना म्हणजे दैव. तिच्या हातात नावेचे सुकाणू आणि फळाफुलांनी ओसंडणारे शिंग. आएक्वितास तराजू धरते. सालुस ही आरोग्याची देवी सापाला वाटीतून खाऊ घालते. स्पेस म्हणजे आशा, हातात फूल घेऊन पदराचे टोक उचलत पुढे निघालेली. कोनकॉर्दिया एकोप्याची, पिएतास भक्तीची, व्हिक्टोरिया पंखांची आणि विजयाची. सम्राट अँटोनायनस पायस याची राणी फॉस्टिना इसवी सन १४०च्या सुमारास वारली. तिला देवपद देऊन त्याने तिच्या स्मरणार्थ जी नाणी पाडली, त्यांच्या मागच्या बाजूंवरच सेरेस, जूनो, वेस्टा, चिरंतनतेची देवी एतेर्नितास अशी रांग लागते. एका बाईच्या नाण्यांतूनच एक देवमंडळ उभे राहते.

या नाण्यांना भारतात आल्यावर काय झाले, ते फार बारकाईने पाहण्यासारखे आहे. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला १८९८ साली ५०१ सोन्याची रोमन नाणी सापडली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर छिन्नीचा आडवा घाव आहे, आणि तो सम्राटाच्या चेहऱ्यावर. हे नाणे आता चलनातून बाद, फक्त सोने म्हणून तोलायचे, अशी ती खूण असावी असे एक मत आहे. कारण काहीही असो, घाव सम्राटाने सोसला आणि मागच्या बाजूची देवी बहुधा सुटली. दुसरी खूण भोकांची. भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांना आणि त्यांच्या इथल्या नकलांना कित्येकदा सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन जवळजवळची भोके असतात, काहींना कडी डकवलेली असते. हा दागिना होता. अनेक रोमन नाण्यांच्या दोन बाजू एकमेकींना उलट्या दिशेने छापलेल्या असल्यामुळे, चेहरा सरळ राहील अशी भोके पाडली की मागची देवी डोके खाली करून लटकते. गळ्यात घालणारीला बाहेरून दिसायला हवा होता तो चेहरा. देवी अंगाला लागून राहिली.

आता मातीकडे वळायला हवे, कारण महाराष्ट्राची खरी कहाणी मातीत आहे.

तेर, तेलंगणातले कोंडापूर आणि अशा आणखी काही सातवाहनकालीन नगरांत भाजक्या मातीच्या लहान चकत्या सापडतात. त्यांवर रोमन नाण्याचा ठसा असतो. कोणी खऱ्या नाण्यावरून मातीत साचा काढला, त्यातून चकती पाडली, वर ओवायला कडी ठेवली आणि भट्टीत भाजली. काहींवर सोन्याच्या मुलाम्याची खूणही राहिली आहे. टायबेरियसची नाणी यांत आवडीची होती. ज्याला सोन्याचे नाणे परवडत नव्हते, त्याने मातीचे गळ्यात घातले. ही नक्कल बाजारात खपवण्यासाठी नव्हती. मातीच्या चकतीने कोण फसणार? ती अंगावर मिरवण्यासाठीच केलेली होती. परक्या मुलखातून आलेली छबी शुभ असते, किंवा निदान शोभेची असते, ही भावना त्यामागे असणार. आसनावर बसलेली, हातात डहाळी धरलेली बाई ज्यांनी गळ्यात घातली, त्यांच्या घरी कमळ धरलेली श्री, म्हणजे लक्ष्मी, ओळखीची होती. लिव्हियाचे नाव त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. या चकत्या पाहिल्या की सोन्याच्या साठ्यांपेक्षा त्याच जास्त बोलक्या वाटतात, कारण त्यांत सामान्य माणसाची हौस आहे.

तेरच्या या सगळ्या वस्तू वाचल्या, याचे श्रेय बरेचसे एका व्यापाऱ्याला जाते. रामलिंगप्पा लामतुरे तेरचेच. पावसाळ्यात गावची पांढरी धुपली की मणी, खापरे, मूर्ती उघड्या पडत. त्या त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्या, हस्तिदंती स्त्रीमूर्ती, शंखाचे दागिने असा तो संग्रह पुढे सरकारी वस्तुसंग्रहालय झाला आणि आज त्यांच्याच नावाने उभा आहे. लामतुऱ्यांचे मोठेपण वस्तूंच्या संख्येत नाही. त्यांनी तेरचे तेरमध्ये ठेवले, म्हणून अभ्यासकांना त्या वस्तूंवरून तगरबद्दल काही सांगता आले.

वाट दोन्हीकडून चालू होती, हेही सांगायला हवे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणायचा प्रघात पडला, तरी ती यक्षी असावी असे आता मानतात. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३च्या उत्खननात तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्तीचा भाग निघाला आणि तेरच्या मूर्तीशीही तिचे नाते जुळले. दख्खनच्या कारागिराने कोरलेली स्त्री इटलीतल्या घरात गेली होती आणि रोमच्या टांकसाळीतली देवी दख्खनच्या गळ्यात आली होती. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे देव कळले नसतील, पण रूप आवडले होते.

फोर्तुनाच्या हातातल्या त्या भरलेल्या शिंगाचा पुढचा प्रवास उत्तरेत सापडतो. कुषाण सम्राटांच्या सोन्याच्या नाण्यांवर अर्दोक्षो नावाची इराणी वळणाची देवी येते, आणि तिच्या हाती तेच शिंग. गुप्तांनी कुषाणांचे नाणे पुढे चालवले तेव्हा सुरुवातीला शिंगवाली देवी तशीच राहिली. पुढे तिच्या हाती कमळ आले, आसनाच्या जागी कमळ उमलले आणि ती उघडपणे लक्ष्मी झाली. हा बदल घडला तो समुद्रगुप्त आणि दुसरा चंद्रगुप्त यांच्या काळात. याच चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरी विदर्भात सून म्हणून आली, नवऱ्याच्या मागे तिने कारभार सांभाळला, आणि तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने प्रवरपूर वसवले. ज्या घराण्याच्या टांकसाळीत रोमन-इराणी देवीची लक्ष्मी झाली, त्या घराण्याची लेक पवनारच्या राजाची आई होती.

लक्ष्मीचे नाणे तिथेही थांबले नाही. अकराव्या शतकात त्रिपुरीच्या कलचुरी गांगेयदेवाने एका बाजूला बसलेली चार हातांची लक्ष्मी आणि दुसऱ्या बाजूला नुसते आपले नाव अशी सोन्याची नाणी पाडली. ती इतकी चालली की उत्तरेतल्या इतर घराण्यांनी हाच नमुना उचलला. ११९२च्या तराईच्या लढाईनंतर मुहम्मद घोरीने उत्तर भारतात सोन्याचे नाणे पाडले, त्यावरही लक्ष्मी कायम राहिली आणि दुसऱ्या बाजूला नागरी लिपीत त्याचे नाव आले. लोकांच्या हाताला सवयीचे नाणेच बाजारात फिरते, एवढा व्यवहार विजेत्यालाही कळत होता.

श्रीलंकेतही असेच काही झाले. तिथे रोमची उत्तरकाळातली बारीक तांब्याची नाणी हजारोंनी सापडतात, आणि त्यांच्या सोबतीने आयताकृती तांब्याच्या पट्ट्या, ज्यांवर उभी लक्ष्मी आहे.

मराठी घरात परदेशी नाणे दागिना होऊन यायला पुढे पुन्हा एक निमित्त झाले. व्हेनिसच्या डुकाटावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला अधिपती आणि मागे येशू असा छाप होता. १२८४ पासून १७९७ पर्यंत तो जवळजवळ बदलला नाही. अरबी समुद्रातून हे शुद्ध सोन्याचे नाणे दख्खनमध्ये आले, त्याच्या इथेच नकला झाल्या आणि ते पुतळी या नावाने माळेत ओवले गेले. पुढे सोनारांनी चकत्यांवर लक्ष्मी, राम-सीता कोरली आणि पुतळ्यांची माळ पुरती मराठी झाली. मातीच्या चकतीवरच्या टायबेरियसपासून इथपर्यंत कारागिराची रीत तीच आहे: बाहेरचा छाप घ्यायचा, त्याची नक्कल करायची, मग हळूच त्यात आपली देवी बसवायची.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वर्ध्याकडच्या कितीतरी घरांत पाटावर लाह्या-बत्तासे, नवी केरसुणी आणि ताम्हनात जुने राणीछाप रुपये मांडतात. व्हिक्टोरियाचा चेहरा असलेला तो एका तोळ्याचा चांदीचा रुपया हळदीकुंकवाने इतका माखलेला असतो की राणी ओळखू येत नाही. मुंबईच्या टांकसाळीने तर एक सरळ रोमन वंशाची देवी पाडली आहे. १८९५ पासून हाँगकाँग व मलाया भागातल्या व्यापारासाठी तिथे ब्रिटिश डॉलर तयार होई. त्यावर हातात त्रिशूळ आणि ढाल घेऊन ब्रिटानिया उभी आहे आणि त्रिशुळाच्या मधल्या पात्यावर मुंबईचे आद्याक्षर कोरले आहे. ही ब्रिटानिया नाण्यावर पहिल्यांदा आली ती सम्राट हेड्रियनच्या, दुसऱ्या शतकातल्या रोमन नाण्यांवर, आणि इंग्रजांनी १६७२ मध्ये ती पुन्हा उचलली. विदर्भातल्या एखाद्याला रोमन देवीचा संग्रह सुरू करायचा असेल, तर मुंबईचा हा डॉलर आरंभाला फार चांगला.

खरे रोमन नाणेही आज हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचे नाही. तिसऱ्या शतकातली, वरवर चांदीचा पातळ थर असलेली नाणी युरोपातल्या साठ्यांतून निघतात आणि त्यांवर सालुस, पाक्स, फोर्तुना हमखास असतात. टायबेरियसचे मात्र भाव चढलेले, कारण येशूने कर देण्याच्या प्रसंगी हातात धरलेले नाणे हेच, अशी समजूत आहे. नकली माल ओळखायला वजन उपयोगी पडते: ऑगस्टस-टायबेरियसच्या काळातला देनारियस पावणेचार ते चार ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि ६४ साली नीरोने तो हलका केला. ओतीव नक्कल असेल तर कडेला सांध्याची रेघ दिसते, अक्षरे बोथट लागतात.

पण भारतात सापडलेले नाणे ही वेगळी गोष्ट आहे. पूर्वी झारेकरी नदीची वाळू धुऊन नाणी काढत आणि सराफाकडे मोडीत घालत. पैठण-नाशिककडची किती नाणी अशी मुशीत गेली याला गणती नाही. आज मुशीच्या जागी धातुशोधक यंत्र आणि मोबाइलवरची विक्री आली आहे, आणि नुकसान तितकेच आहे. पाक्सचे नाणे जगात हजारो संग्रहांत आहे. तसे एखादे पवनारच्या पांढरीत सापडले, तर ते कोणत्या थरात, कोणत्या खापरांबरोबर मिळाले, हे मात्र एकदाच कळू शकते. कायदाही हेच सांभाळतो. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेवीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत.

ठेव मोडीत न जाता अभ्यासकापर्यंत पोहोचली तर काय साधते, याचे विदर्भातले उदाहरण १९३९चे आहे. त्या वेळच्या अकोला आणि आताच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा गावी एका मडक्यात सुमारे १६०० सातवाहन नाणी मिळाली. मिश्रधातूची, झिजलेली, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह असलेली. सोनाराला त्यांचा काही उपयोग नव्हता. हा साठा मिराशींच्या हाती अभ्यासासाठी आला. त्यांनी एकेका नाण्यावरची तुटकी ब्राह्मी अक्षरे जुळवली आणि १९४० मध्ये तो प्रसिद्ध केला. गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ यांच्या जोडीला त्यात कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी ही नावे निघाली. पुराणांच्या वंशावळीत ती कुठेही नव्हती.